उरल्या बाटल्यांचं पाणी

सकाळी अकराला खोली उघडली की आधी थंडी अंगावर यायची. पाहुणे खाली नाश्त्याला, खोलीत चिटपाखरू नाही आणि एसी सोळावर. पलंगावर जाड रजई चुरगळून पडलेली, म्हणजे रात्रभर एसी सोळावर लावायचा आणि वर रजईत गुरगुटून झोपायचं. दाराजवळ चावीचं कार्ड घालायची खाच असते. कार्ड काढलं की खोलीतली सगळी वीज बंद व्हावी, अशी त्यातली युक्ती. पण त्या खाचेला कुठलंही कार्ड चालतं, हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी कळायचं. मग कुणी तिथं आपलं व्हिजिटिंग कार्ड खोचून जायचं, कुणी पत्त्यांतला जोकर. एकदा तर खाचेत आमच्याच हॉटेलचं, ‘वसुंधरा तुमची आभारी आहे’ असं छापलेलं कार्ड दुमडून कोंबलेलं सापडलं. मी ते काढलं, एसी बंद केला आणि तशीच उभी राहिले. त्या न बघितलेल्या माणसाची मला इतकी शिसारी आली की त्याच्या पलंगाची चादरसुद्धा चिमटीत धरून ओढली.

ते कार्ड खरं टॉवेलांसाठी होतं. टॉवेल खुंटीला अडकवला तर पाहुणा तो पुन्हा वापरणार, जमिनीवर टाकला तर तो धुवायचा. असं केलं की पाणी वाचतं, साबण वाचतो, नदी वाचते, हे त्यावर मराठीत आणि इंग्रजीत गोड गोड लिहिलेलं. आमच्याकडं टॉवेल जमिनीवरच असायचे, चारच्या चार. एकानं बूट पुसलेले, एकाला केसांचा काळा रंग, एकाला गुटख्याचे डाग. घाणीचं मला काही वाटत नाही. माहेर खुटबावचं, शेणामुतात वाढलेली मी. लग्न होऊन राहू गावाला आले, मग नवऱ्याच्या कामापायी सात वर्षं शिरूरला काढली आणि तिथं कारखान्यांतल्या साहेबलोकांच्या लॉजवर खोल्या झाडल्या. बंद दाराआड माणूस काय काय करतो ते सगळं मी या हातांनी पुसलंय. पण शिरूरच्या त्या लॉजवर कुणी वसुंधरेच्या गप्पा मारत नव्हतं. घाण म्हणजे घाण होती आणि पाणी म्हणजे पाणी.

हे हॉटेल मात्र ‘पर्यावरणस्नेही’ होतं. सोलापूर रस्त्यावर, पाटसच्या जवळ, मागं सगळं उसाचं रान. चाळीस खोल्या, एक मोठा हॉल, दर्शनी भागात बांबू. शेठ पुण्याचे. त्यांना खोटारडं म्हणणं सोपं आहे, पण सगळंच खोटं नव्हतं. गच्चीवर सौर बंब होते आणि पाणी कढत यायचं. नळांना जाळ्या बसवल्या होत्या, त्यानं धार बारीक पडायची. संडासाला दोन बटणं, लहानाला लहान आणि मोठ्याला मोठं. सांडपाणी मागच्या टाकीत साफ होऊन बागेला जायचं. प्लास्टिकच्या बाटल्या बंद करून खोल्यांतून काचेच्या बाटल्या ठेवल्या होत्या. आमच्याच मशीनवर पाणी शुद्ध करायचं, बाटली भरायची, वर कागदी पट्टी लावायची. ते मशीन जेवढं शुद्ध पाणी द्यायचं त्याहून जास्त मागच्या नाल्यात फेकायचं, पण ते मागच्या बाजूला असल्यामुळं पाहुण्यांना दिसत नव्हतं.

आणि बचत खरी कुणावर व्हायची? आमच्यावर. आमच्या जेवायच्या खोलीत हालचाल कळणारा डबा बसवला होता. माणूस हलला तर पंखा चालू, स्वस्थ बसला तर बंद. एप्रिल-मेच्या उकाड्यात आम्ही बाया भाकरी खाताना मधूनमधून हात हलवायचो, एकीनं हलवला की दुसरीला वारं. संडासातला दिवाही तसाच. आत बसल्यावर अंधार व्हायचा आणि मग आतून टाळ्या ऐकू यायच्या. आम्ही हसायचो खरं, पण मला त्या डब्याची चीड होती. वरच्या मजल्यावर रिकाम्या खोल्या बर्फ होऊन पडल्यात आणि खाली आम्ही घास तोंडात घालताना वाऱ्यासाठी हात हलवतोय. लिफ्टशेजारी शेठनी हिरव्या पानांची एक पाटी लावली होती. पाहुणे तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायचे.

फाटकाला लागून कडुलिंब होता आणि त्याखाली पाणपोई. ती हॉटेलच्या आधीपासूनची. उसाच्या पाचटाचं छप्पर, त्याखाली वाळूत रोवलेले तीन रांजण, तोंडाला ओली तांबडी फडकी. बाजूला एक फळी, तिच्यावर एका बाईचं नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. ही बाई म्हणजे आप्पांची बायको. आप्पा साखर कारखान्यात कामाला होते, रिटायर झाले त्याच वर्षी ती गेली. मूलबाळ नव्हतं. ती असताना दारावरून जाणाऱ्या कुणालाही पाणी दिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही, उसाच्या गाड्या थांबवून पाणी पाजायची. म्हणून आप्पांनी तिच्या नावानं पाणपोई घातली. मला ते एकदा म्हणाले होते, “पोरी, माझ्यामागं हिचं नाव घ्यायला कोन हाय? ही फळी हाय तवर कुनीतरी वाचंल, पानी पिईल आन् मनात बरं म्हनंल.” त्या माणसाजवळ जपायला तेवढंच उरलं होतं.

आणि ते जपायचे. आपल्या विहिरीचं पाणी खांद्यावरनं आणायचे, दुहेरी फडक्यातनं गाळायचे. दर सोमवारी एकेक रांजण रिकामा करून काथ्यानं घासायचे. रांजणात कुणाला ग्लास बुडवू द्यायचे नाहीत. लांब दांड्याचं ओगराळं होतं, त्यानंच काढायचं, आणि पिणाऱ्यानं ग्लास तोंडाला न लावता वरून प्यायचं. एखाद्यानं ओठ लावलाच तर आप्पा काही बोलायचे नाहीत, ग्लास बाजूला ठेवून दुसरा काढायचे. ड्रायव्हर लोक हसायचे, म्हणायचे आप्पांच्या पाणपोईचा बायकोपेक्षा जास्त धाक आहे. उष्ट्याच्या बाबतीत म्हातारा असा कडक होता. 

हॉटेल झालं तेव्हा रस्त्याकडची पट्टी आप्पांच्या पुतण्यांनी शेठना दिली आणि पाणपोई हॉटेलच्या हद्दीत आली. दुसरा कुणी असता तर त्यानं ती उचलून टाकली असती. शेठ हुशार. त्यांनी पाचट नवं घातलं, दिवे लावले आणि आप्पांना म्हणाले, “आप्पा, आता पाण्याची काळजी आमची. तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही नुसतं बसा आणि पाणी पाजा. मंडळींचं नाव आहे तिथंच राहील.” आमच्या मशीनचं पाणी रांजणात पडायला लागलं. आप्पांना त्याचं केवढं अप्रूप. मला म्हणाले, “मशीनचं पानी हाय पोरी. हिच्या नशिबात जित्तेपनी न्हवतं, आता हिच्या नावानं लोकांना तरी मिळतंय.” शेठना ते दोन्ही हात जोडायचे. तेव्हा मलाही शेठ चांगले वाटले होते, हे कबूल करते.

मग दिवाळीच्या आधी पुण्याहून एक मॅडम आल्या. हॉटेलनं पाणी आणि वीज किती वाचवली ते तपासून त्या त्याला पानं देणार होत्या, हॉटेलांना तारे देतात तशी, पाटीवरच्या चाराची पाच. हातात मोठा फॉर्म. मॅनेजर सर त्यांच्यामागं धावत होते आणि मी खोल्यांच्या याद्या घेऊन सरांच्या मागं. मॅडमनी खोलीतली बाटली उचलली. अर्धी प्यालेली. “हे उरलेलं पाणी कुठे जातं?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. कारण ते बेसिनात जायचं. पाहुणा दोन घोट प्यायचा, राहिलेलं आम्ही ओतून द्यायचो. पट्टी न फोडलेल्या बाटल्यासुद्धा रोज बदलायच्या असा नियम होता, म्हणजे शुद्ध केलेलं, न शिवलेलं पाणी रोज गटारात. सर म्हणाले, “बागेला घालतो.” मॅडम म्हणाल्या, “बाग तर साफ केलेल्या सांडपाण्यावर चालते, असं तुम्हीच मगाशी लिहून दिलंत.” सरांचा चेहरा पडला. आणि तेव्हा मी तोंड उघडलं. माझंच तोंड, कुणी विचारलं नव्हतं.

“मॅडम, पट्टी न फोडलेल्या बाटल्या असतात पुष्कळ. त्या पाणपोईत ओतल्या तर? चांगलं पाणी हाय, लोक पितील.”

आमच्या गावाकडं पाणी ओतून देताना हात आखडतो. माझी आई भाजी धुतलेलं पाणी म्हशीला ठेवायची, तांदळाचं धुवण झाडाला घालायची. मला वाटलं, आपण शहाणपणाचं बोललो. मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी ते फॉर्मवर लिहून घेतलं, पाणपोईचा फोटो काढला, आप्पांचाही काढला. हॉटेलला पाच पानं मिळाली. पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये सगळ्यांपुढं शेठनी माझं कौतुक केलं आणि मला सुपरवायझरचा कोट दिला, निळा, खिशावर हिरवं पान. मी तो घालून राहूला घरी गेले आणि सासूला दाखवला.

सुरुवातीला खरंच न फोडलेल्या बाटल्याच ओतायचो. पण तेवढ्यानं रांजण भरत नव्हते, मशीनचं पाणी लागायचंच, आणि आता दर महिन्याला मॅडमना कळवायचं होतं की पाणपोईसाठी वेगळं पाणी लागत नाही. एक दिवस सर म्हणाले, “ताई, फोडलेली, न फोडलेली असं निवडत कशाला बसता? सगळ्या ओता. पाहुणे ग्लासात घेऊन पितात, बाटलीला कोण तोंड लावतंय?”

कोण लावतंय ते मला माहीत होतं. बाटल्या मी उचलायचे. काठाला लिपस्टिक असायची, आत पोह्याचा कण तरंगायचा. “सर, उष्टं हाय,” मी म्हणाले. दोनदा म्हणाले. ते हसले. “उष्टंबिष्टं जुन्या लोकांचं, ताई. पाणी शेवटी पाणी.” त्यांची स्वतःची पाण्याची बाटली स्टीलची होती, तिच्यावर त्यांनी आपल्या नावाची चिकटपट्टी लावलेली. तिला दुसऱ्या कुणी हात लावला तर ते ती घासायला पाठवायचे. मी ते दर दिवशी बघायचे आणि बादली भरायचे.

मग हॉलमधल्या बाटल्या आणि पाण्याचे जग आले. तिथं कंपन्यांची शिबिरं व्हायची. एकदा तर पाणी वाचवण्यावरच शिबिर होतं. पडद्यावर कोरड्या जमिनीची चित्रं, समोर दीडशे माणसं, प्रत्येकापुढं दोन बाटल्या, जेवणात आणखी ग्लास. दिवसभर पाण्यावर बोलले आणि गेले तेव्हा टेबलांवर नुसतं पाणीच पाणी, एकाही माणसानं आपली बाटली संपवलेली नाही. एका बाटलीत सिगारेटचं थोटूक होतं. ती तेवढी मी बेसिनात ओतली आणि बाकीच्या बादलीत. स्वतःला काय सांगायचे, तर मी गाळून घेतेय. फडक्यातनं गाळलं की पोहे राहतात, लिंबाची बी राहते. थुंकी गाळली जात नाही, एवढं कळत होतं मला. पण मी म्हणायचे, कालव्याचं पाणी पितात ती माणसं, त्यापेक्षा हे बरं. सोपं असतं असं म्हणणं, विशेषतः दुसऱ्यानं प्यायचं असतं तेव्हा.

बादली घेऊन फाटकाकडं गेले की आप्पा उठून उभे राहायचे. “आन पोरी, दे हिकडं. लई कष्ट करतीस.” फडकं बाजूला करून धरायचे आणि मी ओतायचे. त्यांच्या तोंडाकडं मी बघत नसे. गाळप हंगाम सुरू झाला होता, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सारखे चाललेले, बीडकडच्या तोडकरी बाया पाणपोईशी उतरायच्या. कॅन भरून घ्यायच्या, पोरांना पाजायच्या. म्हणायच्या, लई गार हाय. शेठ पाहुण्यांना घेऊन तिथं यायचे आणि सांगायचे, “आमच्याकडे एक थेंबही वाया जात नाही.” पाहुणे माना हलवायचे. त्यांचंच पाणी होतं ते. त्यांच्यातला एकही तिथला घोटभर पाणी प्यायचा नाही, खोलीतली नवी बाटली फोडायचा. ते बघून मला ओकारी यायची आणि तरी कोट अंगात असायचाच.

माघात आप्पांच्या बायकोचं श्राद्ध होतं. त्या दिवशी ते पाणी पिणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. मला आधीच सांगून ठेवलं होतं, “पोरी, त्या दिशी पानी जरा जास्ती लागंल.” मी सरांना म्हणाले, आजचा दिवस मशीनचं पाणी सोडू. सर म्हणाले, “आज हॉलमध्ये लग्न आहे, भरपूर उरणार आहे.” आणि उरलंच. मी बादल्या ओतल्या. आप्पांनी पहिला ग्लास भरून फळीपुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग मला गूळ दिला. मी तो खाल्ला. आजही गुळाचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं ते मळमळून.

मी तेव्हा कोट काढून टाकायला हवा होता, हे मला सांगायला कुणी नको. ती नोकरी पुढं सोडली, पण हिंमत म्हणून नाही, कंबर गेली म्हणून.

शिवरात्र होऊन गेली आणि ऊन तापायला लागलं. एक दिवस दुपारी जेवणाच्या हॉलमधल्या वाढप्यांनी आपली बादली परस्पर नेऊन रांजणात ओतली. जग, ग्लास, सगळ्यांचं एकत्र. गाळायला माझ्याकडं आलीच नाही. मी माझी बाटल्यांची बादली घेऊन फाटकाकडं निघाले, तर पाणपोईशी एक ट्रॅक्टर थांबलेला, एक तोडकरी बाई काखेत लेकरू घेऊन उभी आणि आप्पा हातातल्या ओगराळ्यात बघत होते. त्यांनी त्या बाईला हातानंच थांबायची खूण केली. ओगराळं तळहातावर उपडं केलं. पाणी गळून गेलं आणि तळहातावर चारपाच दाणे राहिले.

“पोरी, हिकडं ये जरा.”

मी गेले. हिरवी बडीशेप होती, एक दाणा अर्धा चावलेला. हॉटेलात जेवणानंतर वाटीत देतात ती.

“ह्ये काय हाय?”

“वरनं काहीतरी पडलं असंल, आप्पा. झाडाचं.”

त्यांनी वर कडुलिंबाकडं बघितलं. मग माझ्या बादलीकडं. मग परत माझ्याकडं. “मी म्हातारा झालोय, खुळा न्हाई. कुनाच्या तोंडातलं हाय ह्ये?”

 ती बाई लेकराला या काखेतनं त्या काखेत घेऊन आमच्याकडं बघत होती. मी सांगितलं. खोल्यांतल्या बाटल्या, हॉलमधले जग, सगळं. आवाज न चढवता आप्पांनी विचारलं, “कवापासनं?”

“दिवाळी झाल्यापासनं.”

ते मनाशी दिवस मोजत असावेत. मग म्हणाले, “हिच्या श्राद्धाला बी?”

“व्हय.”

“जो ग्लास मी फळीम्होरं ठिवला, त्यो बी?”

“व्हय, आप्पा.”

ते खाली बसले. गुडघ्यांमुळं त्यांना पटकन बसता यायचं नाही, पण त्या दिवशी बसले. बसल्या बसल्या म्हणाले, “कुनाच्या डोस्क्यातनं निघालं ह्ये? शेठच्या?”

मला हो म्हणता आलं असतं. सरांचं नाव घेता आलं असतं, ते खोटंही झालं नसतं. पण त्यांच्या तळहातावर ती बडीशेप तशीच होती आणि मला ते दुसऱ्यावर ढकलवेना. “माझ्याच,” मी म्हणाले. “बंद बाटल्या ओतू म्हणाले होते मी. मग वाढत गेलं.”

आप्पा उठले. रांजणात ओगराळं घालून त्यांनी ग्लास काठोकाठ भरला आणि माझ्यापुढं धरला. “पी.”

मी ग्लास घेतला. पाणी स्वच्छ दिसत होतं, तळाशी काही नव्हतं. मी तो ओठांपर्यंत नेला आणि माझ्या डोळ्यांपुढं ते काठ आले, ते ओठ, पलंगाशेजारी ठेवलेली कवळी, आरशावरचे शिंतोडे.  चार महिने हेच पाणी मी लेकराबाळांना पाजलं होतं आणि मला एक घोट उतरेना. मी ग्लास खाली केला. थोडं पाणी कोटावर सांडलं.

आप्पांनी ग्लास माझ्या हातातनं काढून घेतला. मला वाटलं, आता अंगावर ओततील, आणि ओतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तो तोंडाला लावला. जन्मभर वरून पाणी पिणारा माणूस, त्यानं काठाला ओठ लावून ग्लास रिकामा केला. परत भरला. परत प्याले. तिसऱ्या वेळी त्यांच्या घशातून आवाज आला, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी तो संपवला.

“आप्पा, नका,” मी म्हणाले.

“का? येवढी मानसं पिली की. हिच्या नावावर पिली. मला पायजेच.”

मग ते फळीपाशी गेले. फळी बांधलेल्या तारा गंजलेल्या होत्या, त्या त्यांनी बोटांनी पिळून तोडल्या. फळी उतरवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि नाव आत करून काखेत धरली. ती तोडकरी बाई पाणी न घेता ट्रॅक्टरकडं परत गेली. आप्पा माझ्यासमोरून जाताना थांबले. त्यांच्या मिशीला पाणी होतं.

“आता घाला काय घालायचं त्ये,” म्हणाले, आणि गुडघे ओढत रस्त्याच्या कडेनं निघून गेले.

पायरीवर मॅनेजर सर आले होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, “ताई, बादली घेऊन काय उभ्या राहिलात? शेठ पाहुण्यांना घेऊन येतायत.” बादली माझ्या हातातच होती. बोटांत कडी रुतत होती. मी आप्पांच्या पाठीकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि फडकं बाजूला करून बादली रांजणात ओतली.

तेवढ्यात दुसरा ट्रॅक्टर थांबला. एक बाई रिकामा कॅन घेऊन खाली उतरली, तिच्या मागं दोन पोरं. तिनं इकडंतिकडं बघितलं, कोणी नव्हतं, मीच होते.

“बाई, प्यायचं पानी हाय का?”

“हाय,” मी म्हणाले, आणि ओगराळं उचललं.